तक्रारदारातर्फे कोणी हजर नव्हतं

सरांना जामीन देणारा आदेश नऊ पानांचा होता आणि इंग्रजीत होता. आमच्या गल्लीत तो पूर्ण वाचलेली मी एकटीच. यात मोठं काही नाही. मी घरी बसून इंग्रजी मजकूर तपासण्याचं काम करते, नऊ पानं चहा थंड व्हायच्या आत होतात. पण बाकी सगळ्यांनी न वाचताच मत बनवलं होतं, त्यामुळे माझी थोडी अडचण झाली.

सर म्हणजे गल्लीच्या तोंडाशी राहणारे गणिताचे सर. आमच्या हिंदी शहराच्या गढा भागात ज्याचं गणित कच्चं असेल तो त्यांच्याकडे जायचा. मीही दोन वर्षं गेले. मला त्यांनी कधी काही केलं नाही. हे वाक्य गेल्या काही महिन्यांत मी इतक्या वेळा म्हटलं आहे की ते आता नमस्काराच्या आधी तोंडात येतं. लोक विचारत नाहीत. नुसतं बघतात, आणि मग मी ते म्हणते.

तक्रार आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या मुलीची होती. मुलगी नऊ वर्षांची. तिची आई नेपियर टाउनमधल्या एका दवाखान्यात नर्स आहे, तिला मी ताई म्हणते. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातून एखाद्या वेळी येतो. मुलगी सरांकडे पाढे शिकायला जायची. एक दिवस तिने जाणार नाही म्हणून सांगितलं आणि ताईने का म्हणून विचारलं. बहुतेक घरांत हा प्रश्न येत नाही, थेट रागावणं येतं. ताईने विचारलं, ऐकून घेतलं आणि त्याच संध्याकाळी मुलीचा हात धरून ठाण्यात गेली. सर आत गेले.

चार महिन्यांनी ते जामिनावर बाहेर आले आणि गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागा झाला. एरवी त्यावर नळाला पाणी कधी येणार आणि कुणाची गाय कुणाच्या फाटकात शिरली एवढंच असतं. आता सगळे कायद्याबद्दल लिहायला लागले. एकाने लिहिलं, जज साहब की अपनी बेटी होती तो पता चलता. दुसऱ्याने लिहिलं, त्यांना दोन मुली आहेत, मला पक्कं माहीत आहे. तिसऱ्याने लिहिलं, मग तर आणखीच वाईट. जामीन मिळाला म्हणजे सुटका झाली असं नसतं, खटला चालूच राहतो, असं एका शेजाऱ्याने लिहिलं, तर त्याला विचारण्यात आलं, भैया, आप किसकी तरफ हो? तो ग्रुप सोडून गेला. संध्याकाळी त्याला परत घेतलं, कारण पाण्याच्या टँकरवाल्याचा नंबर त्याच्याकडेच होता.

मुलीचं नाव कोणी लिहीत नव्हतं. तसं लिहिणं गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. ते फक्त आमच्या घराचा नंबर लिहीत होते.

शनिवारी सकाळी ताई मला जिन्यात भेटली. ड्युटीचे कपडे, हातात डबा.

“तू वाचलं म्हणे पूर्ण?”

“हो.”

“त्यात असं लिहून आहे का, का तो गल्लीत येऊ शकत नाही?”

“नाही. मुलीशी बोलायचं नाही, साक्षीदारांशी बोलायचं नाही, जिल्हा सोडायचा नाही. बस.”

“म्हणजे घरीच राहीन तो?”

“राहून राहिले आहेत. परवापासून.”

ताईने डबा या हातातून त्या हातात घेतला. “पोरगी दोन दिवस झाले शाळेत नाही गेली. म्हणते, त्या घरासमोरून जात नाही. आता दुसरा रस्ता कोठून आणू मी?”

दुसरा रस्ता नाही. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला भिंत आहे आणि भिंतीपलीकडे नाला.

“जजला हे सांगितलं नसन का कोणी? शाळेचा रस्ता तिथूनच आहे म्हणून?”

“नाही.”

“काहून?”

काहून ते सहाव्या परिच्छेदात होतं. मी म्हटलं, बघून सांगते. वाचलेली गोष्ट बघून सांगते म्हणणं ही माझी जुनी सवय आहे.

सहाव्या परिच्छेदात असं होतं की तक्रारदाराला जामिनाच्या सुनावणीची नोटीस मिळाली होती, मिळाल्याची सही होती, तरीही तक्रारदारातर्फे कोणी हजर नव्हतं. ती नोटीस मी पाहिली होती. हवालदार देऊन गेला तेव्हा ताई ती घेऊन खाली आमच्या बैठकीत आली होती. बाबा होते आणि मागच्या घरातले अध्यक्षकाका होते. काका गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष. मंडळ दहा दिवस चालतं, अध्यक्षपद बाराही महिने. कागद इंग्रजीत म्हणून माझ्या हातात दिला गेला. मी वाचून सांगितलं की त्या तारखेला ताई कोर्टात जाऊन आपलं म्हणणं मांडू शकते. “मग जाते मी,” ताई म्हणाली.

“अच्छा,” बाबा म्हणाले, “पण जावंच लागेल असं तर नाही न?”

मी पुन्हा पाहिलं. “नाही. तसं नाही.”

“मग झालं तर,” अध्यक्षकाका म्हणाले. “सरकारी वकील असते न आपल्याकडून. तुम्ही गेल्या का शंभर लोकं पाहतात. आज नाही तर उद्या पोरीचं लग्न करायचं आहे.”

मुलगी तेव्हा आमच्या दारात बसून माझ्या जुन्या रंगपेट्या उघडत होती. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी दिलेलं उत्तर बरोबर होतं. विचारलं तेवढ्याचं बरोबर उत्तर द्यायचं आणि गप्प बसायचं, हे मला शाळेपासून चांगलं जमतं. त्यावर बक्षिसंही मिळाली आहेत.

रविवारी सकाळी त्याच बैठकीत सभा भरली. सात-आठ माणसं, पोहे आईचे, चहा माझा. ताईला बोलावलं नव्हतं. तिला कशाला त्रास, असं ठरलं होतं.

“निवेदन द्यायचं,” अध्यक्षकाका म्हणाले. “एकदम कडक.”

“कोणाला?” बाबांनी विचारलं.

“ते मग पाहू. आधी लिहू तर द्या.”

हिंदीत लिहावं असं एकाने सुचवलं. काकांनी मान हलवली. “हिंदीत तर सगळेच देऊन राहिले. इंग्लिशमध्ये दिलं का वजन पडते.” मग सगळे माझ्याकडे वळले. माझ्या हातात ट्रे होता.

“काय वं कॉन्व्हेंट, दे दोन पानं लिहून.”

“कशावर?”

“जजवर, आणखी कशावर!”

“आदेश वाचून दाखवू का आधी? म्हणजे उत्तर देता येईल.”

“वाच न. पण मेन मेन.”

मी ट्रे ठेवला आणि मोबाइलवर आदेश उघडला. एकेक वाक्य मराठीत करून सांगू लागले. माझं मराठी घरातलं आहे, शाळेत ते कधी शिकले नाही, त्यामुळे कोर्टाची भाषा आईच्या स्वयंपाकघरातल्या शब्दांत उतरत होती. पहिले पाच परिच्छेद लोकांनी मान डोलवत ऐकली. मधे कोणी “पाहा!” म्हणे, कोणी “देखो जरा!” म्हणे. सहाव्याशी आले तेव्हा सोडून द्यावं असं वाटलं. मेन मेनच तर वाचायचं होतं. मग वाचलं.

पोहे खाणाऱ्यांचे चमचे थांबले.

“आणि सरकारी वकील?” कोणीतरी विचारलं. “झोपला होता का तो?”

“नाही, त्याने विरोध केला. तेही लिहिलं आहे. पण मुलीकडून कोणी नव्हतं. सर गल्लीच्या तोंडाशीच राहतात, शाळा त्याच रस्त्यावर आहे, हे कोणी सांगितलं नाही. म्हणून तशी अट नाही.”

बाबा कपात चमचा फिरवत राहिले. कप रिकामा होता.

“आपण तर बदनामीपायी म्हटलं होतं,” अध्यक्षकाका शेवटी म्हणाले. “भल्यासाठीच.” सगळ्यांनी हो हो केलं. मग ते माझ्याकडे वळले. “हा सहावा पॅरा निवेदनात नको घेऊ बेटा. मुद्दा उगाच भटकते.”

“निवेदनापेक्षा अर्ज करता येतो,” मी म्हटलं. “ताईने स्वतः. अट वाढवून मागायची.”

“काय म्हणाली? जोरात बोल न जरा!”

मी जोरात बोलायचा प्रयत्न केला आणि ते ओरडल्यासारखं निघालं. आई आतून हात पुसत बाहेर आली.

“अर्ज कोणासमोर करशील?” काका म्हणाले. “त्याच जजसमोर न? मग झालं कल्याण.” लोक हसले आणि बैठकीतला ताण गेला. मग निवेदनावर पहिली सही कुणाची, यावर चर्चा सुरू झाली. मी वर गेले आणि ताईला सहावा परिच्छेद वाचून दाखवला. तिने तो दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, “मंगळवारी माझी दुपारची ड्युटी आहे. सकाळी चालशील?”

कोर्टाच्या आवारात फुकट वकील देणारी खिडकी आहे. तिथे मिळालेल्या वकील मॅडम माझ्याच वयाच्या होत्या आणि त्यांना बोलायची अजिबात भीती वाटत नव्हती. मी त्यांच्याकडे बराच वेळ बघत होते. त्यांनी अर्ज लिहिला, मी टाइप केला, ताईने सही केली. दहा दिवसांनंतरची तारीख मिळाली. त्या दहा दिवसांत मुलगी चारदा शाळेत गेली, चारही वेळा ताईच्या स्कूटरवर, ताईच्या पाठीत तोंड खुपसून.

तारखेला जज मला पहिल्यांदा दिसले. इतकं ऐकल्यावर वेगळा चेहरा असेल असं वाटलं होतं. चष्म्याचे साधे गृहस्थ होते आणि त्यांना सर्दी झाली होती. मॅडमनी रस्ता, शाळा, भिंत, नाला सगळं सांगितलं. जजनी विचारलं, तक्रारदार आली आहे का? ताईने शाळेत करतात तसा हात वर केला.

“पिछली बार नोटिस मिला था आपको?”

“जी, मिला था।”

“फिर क्यों नहीं आईं?”

मी तिच्या मागच्या बाकावर होते. मला तिचा अंबाडा आणि पांढरी कॉलर दिसत होती.

“मैं डर गई थी, साहब,” ताई म्हणाली.

जजनी नाक पुसलं, कागद खाली-वर केला आणि सरांच्या वकिलांना विचारलं, राहायला दुसरी जागा आहे का. जिल्ह्यातच, बरगीला भाऊ आहे, वकील म्हणाले. मग मुलीची साक्ष होईपर्यंत तिथेच राहायचं, जज म्हणाले, गल्लीत यायचं नाही. स्टेनोने लिहून घेतलं. पुढचा पुकारा झाला. आम्ही बाहेर आलो तेव्हा मॅडम दुसऱ्याच कोणाच्या कामाला लागल्या होत्या.

परतताना ऑटोत मी विचारलं, “तसं काहून सांगितलं? तू तर यायला तयार होती.”

“मग काय सांगू?” ताई रस्त्याकडे पाहत म्हणाली. “तुझ्या बाबांचं नाव घेऊ जजसमोर? खाली-वर राहतो आपण. घर खाली करायला सांगितलं तर जाऊ कोठे?”

“बाबा तसं नाही करणार.”

“नसन करत.” मग पर्सची चेन लावत, “तू पण तर होती न तिथे.”

“हो,” मी म्हटलं. “होते.”

ऑटोवाल्याने कोपऱ्यावर गाडी आत घालू का विचारलं. ताईने घाल म्हटलं. फाटकाशी उतरताना ती म्हणाली, “उद्यापासून माझी सकाळची ड्युटी आहे. पोरीला शाळेत सोडून देशील? पायीच जा. स्कूटरवरून तिला रस्ता दिसतच नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. फाटकात बाबांनी विचारलं, कुठे, आणि मी सांगितलं. ते म्हणाले, सांभाळून. मुलीने माझा हात धरला नाही, माझ्या बॅगेचा पट्टा धरला. वर्गात मॉनिटर कोणाला करायचं यावरून भांडण चालू होतं, ते ती सांगत होती. दोन मुली आपापल्या बाजूला माणसं वळवत होत्या आणि एकीने तर टॉफ्या वाटल्या होत्या. सरांच्या दारावर क्लासची पाटी होती तशीच होती आणि खाली कुलूप होतं. तिथे ती बोलायची थांबली. चाल आम्ही वाढवली नाही. घर मागे गेल्यावर तिने वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं.