खलनायक पडल्यानंतर

आमच्या गावच्या थिएटरात कराटेच्या सिनेमातला खलनायक पडला की डोअरकीपर दारं सताड उघडायचा आणि पब्लिक शिट्ट्या मारत बाहेर पडायचं. विजयानंतरही काही असतं, असं कुणाला वाटत नसे.

त्यातला दोन घराण्यांच्या वैराचा एक सिनेमा परवा टीव्हीवर शेवटपर्यंत पाहिला. जिंकलेला नायक दोन्हीकडच्या प्रेतांमध्ये एकटाच बसून राहतो.

थिएटरात तेव्हा माझ्या शेजारी बसणाऱ्या दत्ताला मी फोन केला. सख्ख्या भावाविरुद्धचा घराचा खटला तो नुकताच जिंकलाय.

"दत्त्या, त्या दोन घराण्यांच्या सिनेमाचा खरा शेवट ठाऊक आहे?"

"सांगू नकोस. आपण उठलो तेव्हा आपला माणूस जिंकला होता. बास."

पण फोन त्याने ठेवला नाही. मग म्हणाला, "रडतो का रे तो?"