कपाटातले बावीस झगे

स्टुडिओबाईंनी वीस वर्षं ओळखपत्रांचे फोटो काढले. हजारो चेहरे पाहून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. चेहरा कॅमेऱ्यासमोर बसला की थापा मारतो. खुंटीवरचा शर्ट मारत नाही.

नवरा वारल्यावर आठवड्याभराने त्यांची नजर दारामागच्या त्याच्या कोटावर गेली. खिसे थैल्यांसारखे लोंबलेले, एक खांदा उतरलेला. त्यांनी तसाच फोटो काढला. नणंदेने तो पाहिला आणि तिला रडू फुटलं. "वहिनी, दादाच उभा आहे गं हा!" तिथून धंद्याला वेगळंच वळण लागलं. कुणी म्हणे आजोबांच्या खोलीचा फोटो काढा, कुणी म्हणे बायकोचं कपाट काढा. बाईंची अट एकच : राहणाऱ्याने खोलीबाहेर थांबायचं.

एका दुपारी शिंपीणकाकूंनी बोलावलं. सत्तरीच्या, गळ्यात मापाची टेप.

"लेकीची खोली काढायचीय. ती आत्ता घरात नाही. तुमची अटच आहे म्हणे तशी."

खोली लख्ख होती. खिडकीशी टेबल, खुर्चीवर पाठीला लावायची उशी. पलंगाखाली टाचेकडून झिजलेल्या सपाता. कपाटात ओळीने झगे टांगलेले, मापाने वाढत गेलेले. शेवटचे कमरेत चांगलेच सैल. बाईंनी एकेक बाहेर काढून दाराच्या हुकाला अडकवला आणि फोटो घेतले. डाव्या बाह्या मनगटाशी घासून चकचकीत झाल्या होत्या.

निघताना त्या सहज म्हणाल्या, "लेक चाळिशीची असेल ना? डावखुरी. पाठ दुखत असणार बिचारीची."

काकूंचा चेहरा असा खुलला की बाईंनाच बरं वाटलं. "अगदी बरोबर! तुम्हाला दिसली म्हणायची."

जिन्यात खालच्या मजल्यावरचे आजोबा भेटले. "वर कुणाचे फोटो काढलेत?"

"काकूंच्या मुलीच्या खोलीचे."

आजोबा कठड्याला धरून उभे राहिले. "अहो, ती पोर तापाने गेली. अठराची होती. बाविसावं वर्ष चाललंय त्याला."

 तेवढ्यात बाईंना आठवलं, ट्रायपॉड वरच राहिला. न जाऊन सांगते कुणाला! वर आल्या तर दार नुसतं लोटलेलं. आतल्या खोलीत खुर्चीवर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. अंगात आत्ताच टांगून ठेवलेला मोहरी रंगाचा झगा. डाव्या हाताने वहीत काहीतरी लिहिणं चाललं होतं.

"काकू?"

मान वळली. चेहरा काकूंचाच, आवाज कोवळा, हलका. "आई बाहेर गेलीय, मावशी. बसा ना."

बाई काकूंपेक्षा वीस वर्षांनी लहान होत्या. तरी त्यांना ओरडावंसं वाटेना. "नको बाळा," त्या म्हणाल्या, "आईला सांग, मंगळवारी फोटो आणते." आणि ट्रायपॉड उचलून उतरल्या.

घरी फोटो ओळीने मांडल्यावर एक गोष्ट डोळ्यांत खुपली. ती रात्रंदिवस मनातून जाईना.

मंगळवारी बाई फोटो घेऊन गेल्या तेव्हा काकू टेप गळ्यात घालून, नेहमीच्या आवाजात बोलत होत्या. "वर्षाला एक झगा शिवते तिला. चाळिशीत अंग सुटतंच, म्हणून यंदा दोन बोटं सैल. नुसता टांगलेला कपडा मरतो हो, म्हणून दुपारी तासभर घालते."

"काकू, हा सगळ्यात लहान झगा तिने स्वतः घातलेला?"

"हो. तेवढाच."

"याच्या उजव्या बाहीवर शाई आहे. बाकी सगळ्यांच्या डाव्या बाह्या घासल्यात."

काकूंनी दोन फोटो शेजारी धरले. 

"उजव्याच हाताने लिहायची ती," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही डावखुरी म्हणालात तेव्हा मी हो कशी म्हणाले? आणि मीही तर उजव्याच हाताची." मग आतल्या खोलीच्या दाराकडे पाहत त्यांनी बाईंचं मनगट धरलं. "मग इतकी वर्षं मी वाढवलं कुणाला?"

बाईंनी काकूंच्या भावाला बोलावून घेतलं. तो येईपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या. वही उघडायचा धीर दोघींनाही झाला नाही. भावाने ती न बघताच चुलीत घातली.

तीन दिवस वरून कात्रीचा आवाज येत होता, असं आजोबा सांगतात. एकवीस झग्यांच्या चिंध्या झाल्या. शाईचा तेवढा राहिला. तो घेऊन काकू भावाकडे राहायला गेल्या.

वर्षभराने त्या स्टुडिओत आल्या, अंगाने जरा भरलेल्या. "खोलीबिली नको," म्हणाल्या. "माझ्या तोंडाचाच काढा."

फोटो हातात घेऊन त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"म्हातारी झाले की हो मी," त्या म्हणाल्या. "दोन प्रती द्या. एक भावजयीला."