ब्राउन पेपरमधला खून

मी एकदा नवऱ्याच्या हाताचा वास घेऊन त्याला चोर ठरवलं होतं. आता सांगताना माझं मलाच हसू येतं, पण तेव्हा मी स्वतःला मोठी गुप्तहेर समजत होते.

मी बँकेत कारकून होते आणि अधिकारी होण्याची परीक्षा महिन्यावर आली होती. जोगेश्वरीच्या आमच्या दोन खोल्यांत सासूबाईंनी जाहीर करून टाकलं, महिनाभर स्वयंपाकघर त्यांचं, मी फक्त अभ्यास करायचा. गुडघे दुखत असताना त्या दोन्ही वेळा ओट्यापाशी उभ्या राहायच्या. आणि मी? वाचनालयातून खुनाची कादंबरी आणून, तिला बँकिंग कायद्याच्या पुस्तकासारखंच ब्राउन पेपरचं कव्हर घालून वाचत बसायचे. कायद्याचं एक पान, खुनाची दहा. सासूबाईंना हे कळलं असतं तर त्यांच्या हातचा भात गिळायची माझी लायकी उरली नसती.

एका संध्याकाळी बँकेतून आले, तर कादंबरीत खुणेला उभं ठेवलेलं बसचं तिकीट आडवं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुणीतरी माझ्या पाळतीवर होतं.

मुलगी दीड वर्षाची. तिने तिकीट आडवं केलं नसतं, खाल्लं असतं. सासूबाईंचा प्रश्नच नव्हता. गावाहून पत्र आलं की त्या ते माझ्यापुढे धरायच्या, "वाच गो." त्यावरून मी, पदवीधर बाईने, ठरवून टाकलं होतं की यांना वाचता येत नाही. विचारलं मात्र कधीच नाही.

राहिला नवरा. साकीनाक्याच्या कारखान्यातून तो चार वाजता घरी यायचा. त्यात हल्ली "कसा चाललाय अभ्यास?" असं जरा जास्तच गोड विचारायचा. म्हणजे नक्कीच माझी पानं मोजत होता आणि योग्य वेळी आईच्या कानावर घालणार होता.

मी सापळा लावला. निघताना कादंबरीच्या पानापानांत अंगाला लावायची पावडर भुरभुरवली.

संध्याकाळी परतले तेव्हा सासूबाई शिंकांनी बेजार झाल्या होत्या. "आई, सर्दी झालीय तुम्हाला," म्हणत मी त्यांना आल्याचा काढा करून दिला. सुनेचं कर्तव्य. मग नवरा चहाला बसला तसा त्याचा हात ओढून हुंगला. पावडर. रोज संध्याकाळी आंघोळ करून तो मानेला पावडर थापतो, हे चार वर्षांच्या संसारानंतरही मला त्या क्षणी आठवलं नाही.

"अहो, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये." एरवी मी त्याला तूच म्हणायचे, अहो फक्त आईंसमोर आणि भांडताना.

"कुठल्या वस्तूला?"

"माझ्या पुस्तकाला."

"तुझ्या बँकेच्या? वेड लागलंय का मला?"

"बँकेचं नाही, ती कादंबरी..." एवढं म्हणून गेले आणि मग उमगलं. त्याला काहीच माहीत नव्हतं. माझं गुपित मीच फोडलं होतं, तेही आई चार हातांवर कांदा चिरत असताना.

त्याने उठून फळीवरचं पुस्तक काढलं, परत बसून उघडलं. मांडीवर पावडर सांडली.

"बँकेच्या परीक्षेला विहिरीत प्रेत पण असतं का गं?" त्याने पान उलटलं. "आणि ही हळद कुणाची?"

पानाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा पिवळाजर्द ठसा होता. नवऱ्याने जन्मात कधी हळद हातात घेतली नव्हती. आणि मी इतक्या दिवसांत मसाल्याच्या डब्याला हात लावला नव्हता.

आम्ही दोघांनी ओट्याकडे पाहिलं. तिकडून एक शिंक आली.

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी खाली मान घालून बसले होते. त्यांनी मुलाच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, त्याच्यापुढचा चहाचा कप बाजूला सरकवला, तिकीट पुन्हा आडवं ठेवलं आणि मला म्हणाल्या,

"ह्या आता माज्याकडे ऱ्हवांदे, तू अभ्यासाक बस. आणि पानांत पावडर घालू नको गो, माका शिंका येतत."