नंदिनीसाठी बांधलेलं टाकं

नागपुरात हुडकेश्वरच्या आतल्या लेआउटच्या वस्तीत एका घराच्या मागच्या अंगणात स्विमिंग पूल होऊन राहिला, ही बातमी पसरली तेव्हा लोक आधी हसले. जिथं उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार येते, तिथं ही थेरं कोण करतो? मग कळलं की पूल धम्मानंद गजभियेच्या घरी होतोय, आणि हसणं जरा आवरतं घेतलं गेलं. कारण धम्मानंद हा उधळ्या माणूस नव्हे. चहाच्या टपरीवरही तो अर्धा कटच मागायचा. आणि त्याच्या घरी नंदिनी होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

धम्मानंद कूलरवाला. शहराच्या महाल भागातल्या एका अरुंद गल्लीत त्याचं दुकान, पुढे टिनाचं शेड, आत पत्र्याचे तुकडे, मोटरी आणि वाळ्याच्या ताट्यांचा ढीग. पत्र्याचे मोठे, घरघर करणारे, अख्खी खोली गारठवणारे कूलर तो बनवायचा. कागदावरचा नकाशा त्याला कधी उमगला नाही. जमिनीवर पत्रा अंथरायचा, त्यावर खडूनं अख्ख्या मापाचं चित्र काढायचं आणि कात्री चालवायची, अशी त्याची रीत. फेब्रुवारी संपला की गिऱ्हाइकांची रीघ लागायची आणि जूनपर्यंत त्याला मान वर करायला फुरसत नसायची.

आता नागपूरकराचं एक आहे. उन्हाशी त्याचं जन्माचं वैर, आणि त्या वैराचा त्याला अभिमानही भारी. पुण्या-मुंबईचा पाहुणा मे महिन्यात घामाघूम झाला की हा आतून खूश होतो. गारवा म्हणजे सुख, गारवा म्हणजे श्रीमंती, गारवा म्हणजे आजारी माणसाचं औषध, अशी इथली समजूत. धम्मानंदचं तर पोटच त्या समजुतीवर चाललेलं. गारव्यानं कुणाचं वाईट होऊ शकतं, हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

नंदिनी त्याची एकुलती एक. सिकलसेल हा रक्ताचा आजार घेऊनच जन्मली. विदर्भात हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. प्रत्येकाच्या नात्यात एखादं लेकरू असतंच, रात्रंदिवस हाडं धरून रडणारं. नंदिनीही तशीच वाढली. दुखणं उठलं की शाळा बंद, दवाखाना, सलाईन. तरी पोरगी हट्टी. बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली. आणि नेमकं तेव्हा उजव्या खुब्याचं हाड सुकायला लागलं. रक्तच पोचत नाही म्हणाले डॉक्टर. सव्विसाव्या वर्षी ती काठी घेऊन चालायला लागली.

जवळच्याच एका शाळेनं तिला घ्यायची तयारी दाखवली होती. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. पण वर्गात उभं राहता आलं पाहिजे, जिने चढता आले पाहिजेत. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन जितकं पुढे ढकलता येईल तितकं बरं, तोवर पाण्यात चालायचा व्यायाम करा, पाण्यात अंगाचा भार खुब्यावर येत नाही. पाणी मात्र फार गरम नको आणि थंडही नको. धम्मानंदनं यातलं गरम नको एवढं पक्कं ध्यानात ठेवलं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी एप्रिलात अंगावर घेतलं तर कातडी सोलून निघते, हे तो बघतच होता. शिवाय नंदिनीची मोठी दुखणी बहुतेक मे महिन्यातच उठली होती, घामानं अंगातलं पाणी आटलं की. उन्हापासून पोरीला वाचवायचं, हे त्यानं तिच्या लहानपणीच ठरवून टाकलं होतं.

सार्वजनिक तलावावर ती जायला तयार नव्हती. काठी टेकत, लंगडत, ओल्या कपड्यांत चार लोकांसमोरून चालायचं म्हणजे तिला मरणप्राय वाटायचं. तिनं तसं सांगितलं नाही, पण धम्मानंद समजला. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून तो मागच्या अंगणात उभा राहिला आणि मुठीत चुना घेऊन जमिनीवर रेघा ओढायला लागला.

त्याच्या बायकोनं, मीरानं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं, "काय करून राहिले वं हे, नंदे? बाप्पा, भर उन्हात?"

"पूल काढून राहिले," नंदिनी म्हणाली आणि काठी घेऊन बाहेर गेली.

तो पूल पोहायचा नव्हताच. लांबट, अरुंद, एखाद्या बोळासारखा. दोन्ही बाजूंना धरायला पाइप. खोल बाजू नाही, सगळीकडे छातीइतकंच पाणी. शिडीऐवजी उतार, म्हणजे पायरीवर पाय उचलायला नको. धम्मानंदनं चुन्याच्या रेघांमधून नंदिनीला चालायला लावलं, दोन्ही हात पसरायला लावले, बोटं कुठं पोचतात ते बघून रेघा पुसल्या आणि पुन्हा ओढल्या. वळायला जागा अपुरी पडली तेव्हा शेवटचं टोक गोल केलं. दोघंही चुन्यानं पांढरे झाले. कितीतरी दिवसांनी त्या अंगणातून बापलेकीच्या हसण्याचा आवाज आला आणि मीरानं हातातलं पीठ तसंच ठेवून खिडकीत येऊन ऐकला.

बांधकाम रुपराव नावाच्या ठेकेदाराकडे दिलं. तो धम्मानंदचा जुना ओळखीचा, तोंडानं फाटका, कामानं चोख. चुन्याच्या रेघा बघून म्हणाला, "भाऊ, हा पूल आहे का म्हशीची गव्हाण?"

"तू खोद ना गा. नाव काय द्याचं ते मी पाहतो."

"काळी माती आहे ही. पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात फाटते. नुसत्या विटांत नाही टिकणार. खाली मुरूम भराव लागन, लोखंड टाकाव लागन."

"टाक. माह्या पोरीच्या पायाखालचं काम आहे."

रुपरावनं मग थट्टा केली नाही. खड्डा झाला, मुरूम दाबला गेला, लोखंडाची जाळी बसली, सिमेंट ओतलं, पांढऱ्या टाइल्स लागल्या. घसरू नये म्हणून उतारावर खडबडीत फरशी आली. तोवर ठीकच चाललं होतं. पुढची अक्कल धम्मानंदची स्वतःची.

एप्रिलच्या शेवटी टाकं भरलं आणि दुपारी हात घातला तर पाणी चांगलं तापलेलं. धम्मानंदचा चेहरा उतरला. वरून हिरवी जाळी ताणली, तरी समाधान होईना. मग त्याच्यातला कूलरवाला जागा झाला. पश्चिमेकडून झळा येतात त्या अंगाला त्यानं लोखंडी चौकट उभी केली, तीत माणसाच्या उंचीच्या वाळ्याच्या ताट्या बसवल्या, आणि मोटर लावून टाक्याचं पाणी वर चढवून ताट्यांवरून झिरपत पुन्हा टाक्यात सोडलं. मागे मोठा पंखा. नागपूरची कोरडी हवा त्या ओल्या वाळ्यातून वाहायला लागली की पाणी गार व्हायला किती वेळ लागणार? अख्ख्या अंगणात वाळ्याचा वास सुटला. शेजारपाजारचे बघायला आले, हात बुडवून गेले, वा वा करून गेले.

"पुऱ्या नागपुरात असा पूल नसन," धम्मानंद म्हणाला. तो असा बढाई मारणारा माणूस नव्हता. पण त्या दिवशी त्याला राहवलं नाही. लेकीसाठी आपल्याला काहीतरी करता आलं, हे सुख त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं. दवाखान्यात तो नेहमी भिंतीला टेकून उभा असायचा, हात बांधून, निरुपयोगी. इथं तो कामाचा होता.

बुद्धपौर्णिमेला नंदिनीनं पाण्यात उतरायचं ठरलं. रात्रभर त्यानं मोटर आणि पंखा चालू ठेवला. सकाळी घरात वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, मीरानं खीर केली. नंदिनी लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून मागच्या दारी आली. ऊन अजून भिंतीखाली उतरलं नव्हतं.

मीरानं वाकून पाण्यात बोटं घातली. "लई थंड नाही वाटत का, अहो?"

"मे महिना आहे वं. घडीभरात आंग भाजन तेव्हा कळन."

नंदिनी पाइप धरून उताराने खाली गेली. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. तिनं एकदा श्वास आत ओढला आणि डोळे मिटले. मग डोळे उघडून बापाकडे बघून हसली. काठी वर काठावर राहिली. ती चालायला लागली. एक पाऊल, दुसरं, न लंगडता, सरळ, दोन्ही पायांवर. गोल टोकापाशी वळली आणि परत आली.

"बाबा, दुखतच नाही."

धम्मानंद काठावर बसला होता, तो मोठ्यानं हसला. गल्लीत ऐकू जाईल असा हसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. नंदिनी जात होती, येत होती, आणि तो प्रत्येक फेरीला मान डोलावत होता, पोरगी नुकतीच चालायला शिकली असावी तसा.

बऱ्याच वेळानं मीरा म्हणाली, "बस झालं आता, नंदे. ओठ पाह्य कसे झाले तुहे."

"राहू दे ना वं," धम्मानंद म्हणाला. "अजून एक चक्कर. जमते ना, बेटा?"

"जमते, बाबा."

तिनं अजून फेऱ्या मारल्या.

दुपारी ती अर्ध्या जेवणावरून उठली. तिनं पाठ दुखते म्हणून गोळी घेतली आणि पांघरूण घेऊन झोपली, मे महिन्यात. चार वाजता ताप होता. संध्याकाळी छातीत कळा यायला लागल्या आणि श्वास पुरेना. धम्मानंदनं तिला हातांवर उचलून ऑटोत घातलं. एवढ्या वर्षांत तिचं दुखणं त्यानं शेकडो वेळा बघितलं होतं. पण हे वेगळं आहे हे त्याला मनीषनगरच्या रेल्वे फाटकापाशी ऑटो अडकला तेव्हाच कळलं. ती रडत नव्हती. रडायलाही दम लागतो.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, रक्त चढवायची तयारी सुरू झाली. ड्यूटीवरची डॉक्टर तरुण होती. तिनं पलंगावर वाकून विचारलं, "आज काही वेगळं झालं होतं का? ऊन लागलं, थंडी लागली? थंड पाण्यानं आंघोळ वगैरे?"

नंदिनीनं मास्क तसाच ठेवून मान हलवली. नाही.

डॉक्टरनं लिहून घेतलं. धम्मानंद भिंतीला टेकून उभा होता. त्यानं ते ऐकलं, आणि थंड हा शब्द त्याच्या छातीत उतरत गेला. वाळ्याच्या ताट्या, रात्रभरचा पंखा, निळे पडलेले ओठ, सगळं एका क्षणात त्याला दिसलं. नंदिनी त्याच्याकडेच बघत होती. गप्प राहा, असंच ती डोळ्यांनी सांगत होती. त्याला गप्प राहता आलं असतं.

"गेली होती ती थंड पाण्यात," तो म्हणाला. "लई वेळ. मीच पाणी थंड केलं होतं, म्याडम. रातभर मशीन लावून."

डॉक्टरनं त्याच्याकडे बघितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त आधीची ओळ खोडली आणि म्हणाली, "सिकलसेलवाल्यांचं थंडीनं रक्त अडकतं, काका. मेमध्येसुद्धा." मग ती कामाला लागली.

काही उपयोग झाला नाही. रक्त चढलं, श्वासाचं मशीन लागलं, दोन्ही फुप्फुसं भरत गेली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नंदिनी गेली. शाळा सुरू व्हायला अजून महिना होता.

लोक आले, भंतेजी आले, सगळं रीतसर झालं. रुपराव आला, मागच्या अंगणात गेला, मोटर बंद करून परत आला आणि बसून राहिला. धम्मानंदला कुणी एक शब्द बोललं नाही. सगळ्यांना वाटत होतं की मीरा तरी बोलेल, भांडेल, त्याच्या नावानं छाती पिटेल. ती बोलली नाही. पाहुणे आपापल्या गावी गेले, तरी तिनं त्याला एक वेडावाकडा शब्द ऐकवला नाही, आणि तेच त्याला सहन होईना.

एका संध्याकाळी ती तांदूळ निवडत बसली होती. तो समोर जाऊन खाली बसला.

"बोल ना वं मले काही. मी मारलं तिले. मले माहीत नव्हतं, पण मीच मारलं."

मीराचा हात ताटात थांबला.

"तिले माहीत होतं," ती म्हणाली. "आदल्या दिवशी संध्याकाळी तिनं पाण्यात हात घातला होता. स्वयंपाकघरात येऊन सांगतलं मले. आई, हे पाणी मले नाही चालत. थोडाच वेळ जाईन अन् निघून येईन. बाबाले सांगू नको."

धम्मानंदनं मान वर केली. "अन् तू काहून नाही बोलली?"

"बोलणार होती. तिच्या ओठाकडं पाहून बोललीबी. मंग तुमच्याकडं पाह्यलं." मीरानं ताट बाजूला ठेवलं. "तुम्ही हसून राहिले होते. पोट्टी झाल्यापासून तुम्हाले असं हसताना मी नव्हतं पाह्यलं. तिनंबी नव्हतं पाह्यलं. म्हणून ती निघाली नाही पाण्यातून, अन् म्हणून मी ओढून काढली नाही तिले."