न दिसणारा डबा

विद्यार्थ्याने फळ्यावर फंक्शनच्या आधी त्याचा टाइप, म्हणजे ते कोणत्या प्रकारची वस्तू घेते ते, लिहिला, की सर तेवढाच भाग तळहाताने पुसत आणि म्हणत, "हे सांगू नका. वापरावरून कळू द्या."

मी शिकवते त्या जळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ते तासिका तत्त्वावर फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकवीत. यावलहून रोज बसने येत. शेजारच्या प्रवाशाला कामधंदा कधी विचारत नसत. हातापायांवरून, पिशवीवरून अनुमान करीत आणि उतरताना पडताळून पाहत. एकदा केळीच्या चिकाचे काळे डाग पाहून त्यांनी एका गृहस्थांना बागेतले मजूर ठरवले. ते निघाले आमचेच नवे प्राचार्य, सुट्टीत वडिलांच्या बागेत घड उतरवून आलेले. "पुरावा अपुरा होता," एवढेच सर म्हणाले.

विषय थोडा समजावून सांगते. फंक्शन म्हणजे एक वस्तू घेऊन दुसरी परत देणारा प्रोग्रॅमचा तुकडा. प्रोग्रॅमिंगच्या काही भाषांत यंत्रही हेच करते: कोणती वस्तू अंक, कोणती शब्द, हे आपण न सांगता वापरावरून ठरवते. दिलेली वस्तू जशीच्या तशी परत करणाऱ्या फंक्शनला अंकही चालतो, शब्दही. पण प्रोग्रॅममध्ये वस्तू साठवायच्या ज्या डब्यातली वस्तू मागाहून बदलता येते, त्याला ही मोकळीक देता येत नाही. साक्रीकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले होते, "सर, डबा रिकामा शे, मंग त्यामा काहीबी चाली ना?" सर तिच्याच बोलीत म्हणाले, "चाली. पण अंक टाकीसन शब्द कसा काढशी?" वर्ग हसला.

म्हणून भाषा सरसकट बंधन घालते: फंक्शन चालवून जे हाती येते, त्याला एकच टाइप, डबा असो वा नसो. हे सरसकटपण सरांना खुपे. "निरपराधांनाही शिक्षा आहे, मॅडम," ते मला म्हणत. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध याविरुद्धच होता. त्यांचा नियम असा, की हाती आलेल्या वस्तूच्या टाइपमध्ये डबा दिसत नसेल, तर मोकळीक द्यावी. यात धोका असल्याचे त्यांनी वाचले होते. आपण तो टाळला आहे, असे त्यांना वाटत होते. मुदतवाढी संपल्या होत्या. पदवी मिळाली तर कायम नेमणूक, नाहीतर जूनपासून तासिकाही नाहीत, असे त्यांना कळवले गेले होते.

सादर करण्याच्या आठवडाभर आधी त्यांनी प्रबंध मला तपासायला दिला. स्वल्पविरामही सोडू नका, असे बजावले. मी सोडला नाही.

तिसऱ्या प्रकरणापाशी अडले. मी एक लहानसे फंक्शन लिहिले: आता दिलेले आत जपून ठेवायचे आणि मागच्या वेळी दिलेले परत करायचे, पहिल्या वेळी मात्र दिलेलेच परत. त्याच्या टाइपमध्ये डबा कुठेच दिसत नव्हता. तो पोटात होता. सरांच्या नियमाने त्याला मोकळीक दिली. मी आधी अंक दिला, मग एक नाव दिले, आणि परत आलेल्या वस्तूची अक्षरे मोजायला सांगितली. परत आला होता तो अंक. प्रोग्रॅम कोसळला.

दोन दिवसांनी मी तो सरांना दाखवला. त्यांनी तीनदा चालवून पाहिला.

"परीक्षकांच्या लक्षात येईल?"

"कदाचित नाही."

"दुरुस्ती?"

मी नकारार्थी मान हलवली. ते म्हणाले, "पण आता मला दिसलंय, मॅडम."

प्रबंध सादर झाला नाही. जूनच्या वेळापत्रकात त्यांचे नाव नव्हते. यावलला बारावीच्या शिकवण्या घेतात, असे ऐकते. कधी फोन केला, तर माझ्या प्रकृतीची चौकशी करतात आणि प्रबंधाचा विषय काढू देत नाहीत.

महाविद्यालय सोडून जाताना माझ्या टेबलावर ते चार पाने ठेवून गेले. आपला नियम कोणत्याही दुरुस्तीने टिकणार नाही, याची सिद्धता होती. सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड नसलेली. मी ती आजही पायरीपायरीने तपासते. कुठेतरी चूक सापडावी, असे मनापासून वाटते. अजून एकही सापडलेली नाही.