अळणी आक्काचं पातेलं

आक्काला कुणी विचारलं, "तुम्ही काय काम करता?" तर नुसतं "स्वयंपाक" म्हणून ती थांबायची नाही. "अकरा जणांचा करते. इमारत कोसळली की ढिगाऱ्याखालचं माणूस हुडकून काढतात ते अकरा जण," असं एका दमात सांगून टाकायची. समोरच्याला वाटायचं, बाई जवानांची खानावळ सांभाळत असणार. मग आक्का ठसक्यात म्हणायची, "चार पायांचे जवान हो! कुत्री!"

पथकाचं आवार गावाच्या कडेला होतं. एका अंगाला कुत्र्यांच्या खोल्यांची रांग, मधे सरावासाठी रचलेला मोडक्या भिंतींचा आणि सिमेंटच्या पाइपांचा ढीग, आणि पार टोकाला पत्र्याचं स्वयंपाकघर. त्यात दोन शेगड्या, एक मांडीएवढं उंच पातेलं आणि अकरा ताटल्या. प्रत्येक ताटलीवर खिळ्यानं ठोकून आकडा काढलेला. भात, उकडलेलं मांस, गाजर, भोपळा, मधूनच अंडं. मीठ नाही, मसाला नाही, आणि कांद्या-लसणाचं तर नावच काढायचं नाही. आक्का स्वतःचा डबासुद्धा फाटकाबाहेर बाकावर बसून खायची, कारण त्यात कांदा असायचा. 'अळणी आक्का' हे नाव तिला कुणी आणि कधी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. तिला मात्र ते पदवीसारखं वाटायचं.

तिची खरी कारागिरी हाडांची. शिजलेलं हाड चिरफळतं आणि कुत्र्याच्या आतड्यात सुईसारखं रुततं. म्हणून मांस कोमट झालं की आक्का कोपरापर्यंत हात धुवायची, डोळे गच्च मिटायची आणि सगळं पातेलं बोटांनी चाचपायची. नवखा कुणी हसलाच तर म्हणायची, "डोळे उघडले की नजर भातावर जाते. मला बोटं पाहिजेत." सतरा वर्षांत कुसळाएवढं हाड ताटलीत गेलं नव्हतं.

नवा हँडलर, म्हणजे कुत्र्याला शिकवणारा आणि सांभाळणारा माणूस, रुजू झाला की आक्का त्याला स्वयंपाकघराच्या दारात उभं करून पाढा म्हणून दाखवायची. "कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, दारू, शिजलेलं हाड. आणि ते बिनसाखरेचं च्युइंगम खिशात ठेवून कुत्र्याजवळ जायचं नाही. कुत्रं खिसा फाडून खातं आणि जिवानिशी जातं. लाड करायचेत? सफरचंदाची फोड दे, बिया काढून. काकडी दे. कळलं?"

"कळलं, आक्का."

"कळलं म्हणणारे लई बघितलेत. म्हणून दाखव."

घरी मात्र या कारागिरीला कवडीचा भाव नव्हता. चार पाहुणे जमले की धाकटी जाऊ भाजी चाखून तोंड वाकडं करायची. "मीठ विसरलात वाटतं, ताई. कुत्र्यांचं करून करून माणसांचं करायची सवयच मोडली बघा तुमची."

"माणसांना जिभेचे चोचले असतात गं," आक्का शांतपणे वाढत म्हणायची. "माझ्या पोरांना कामावर जायचं असतं."

नवरा मिठाचा डबा पुढ्यात ओढायचा.

तर एका सोमवारी सकाळी काजळी उठली नाही. काजळी म्हणजे पथकातली सगळ्यात तिखट नाकाची काळी कुत्री. चार दिवस ती धापा टाकत होती, पण उन्हाचा त्रास असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा ओठ वर केला तर गुलाबी हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडलेल्या. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची.

"रक्तपेशी फुटतायत आतल्या आत," बाई म्हणाल्या. "मला ही कांद्याची लक्षणं वाटतात. एका दिवसाची गोष्ट नाही, आठवडाभर तरी पोटात गेलाय."

पथकाच्या साहेबांनी वळून आक्काकडे बघितलं. त्यांच्याबरोबर सगळ्यांनीच बघितलं.

"माझ्या स्वयंपाकघरात कांद्यानं सतरा वर्षांत उंबरा ओलांडला नाही, साहेब."

"आक्का, तुमच्यावर राग नाही. पण खाणं एकाच पातेल्यातलं. पाकिटातलं तयार खाणं सुरू करा, असं वरून केव्हाचं म्हणतायत. मीच आजवर तुमच्याखातर टाळत होतो. उद्या सकाळपर्यंत काही उलगडलं नाही, तर स्वयंपाकघराला कुलूप लावावं लागेल."

आक्का तिथून निघाली ती तरातरा पातेल्यापाशी आली. रडणारी बाई ती नव्हे. डोक्यात एकच हिशोब चालला होता. पातेलं एक, तोंडं अकरा. दहा जण ढिगाऱ्यावर टणाटणा उड्या मारतायत आणि अकरावी आडवी. म्हणजे पातेलं सुटलं. राहिली ताटली.

सात नंबरची ताटली. आणि तिला आठवलं, गेले आठ-दहा दिवस ती ताटली तिच्याकडे स्वच्छ विसळून येत होती. काजळीचा हँडलर, ज्याला सगळे मिशाळ म्हणत, स्वतः विसळून आणून द्यायचा. ज्या माणसाला सांगून सांगून कधी दाराशी चिखलाचे बूट काढता आले नाहीत, तो ताटली विसळतो! तिला आपलं वाटलं होतं, उशिरा का होईना, सुधारला.

ती काजळीच्या खोलीत गेली. कालची ताटली कोपऱ्यात तशीच पडली होती, धांदलीत विसळायची राहिलेली. आक्कानं ती नाकाशी नेली. मग काजळीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या मिशाळकडे बघितलं.

"काय घालत होतास?"

"काय घालणार, आक्का? तुम्ही देता तेच की."

"मिशीची लाज राखून तरी खरं बोल."

मिशाळनं मान खाली घातली. पंधरा वर्षांची नोकरी झालेला गडी, पण आवाज पोरासारखा चिरकला. "खात नव्हती ती. त्या कोसळलेल्या गोदामावर दोन दिवस उन्हात काम केलं, तेव्हापासून ताटलीला तोंड लावेना. मग वरून चमचाभर सूप टाकायला लागलो. पुडीतलं. त्याचा वास आला की चाटूनपुसून खायची."

"कांदा घालायचा नाही, हे पाढ्यात होतं ना?"

"कांदा कुठं घातला? शपथेवर सांगतो, कांद्याला हात लावला नाही. नुसती पूड होती, कोंबडीच्या सुपाची!"

"आण ती पुडी. आणि पाठीमागचं बारीक वाच. मोठ्यानं."

मिशाळनं बॅगेतून पुडी काढली, डोळे बारीक केले. "मीठ... साखर... कांद्याची भुक..." आणि त्यानं पुडी खाली ठेवली. ओल्या कांद्याच्या कितीतरी पट जोर त्या वाळल्या भुकटीत असतो, हे आक्काला ठाऊक होतं.

तिनं विचारलं, "मला का नाही सांगितलंस, खात नाही म्हणून?"

"कोणत्या तोंडानं सांगू? मागं एकानं सांगितलं होतं, माझं कुत्रं आज जेवलं नाही म्हणून. तुम्ही त्याला भर आवारात सोलून काढलात. माझ्या हातचं नाकारणारं कुत्रं अजून जन्मायचंय, म्हणालात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी ताटली विसळून आणायचो."

हे आक्काला लागलं. कारण ते खरं होतं. तिला तो दिवसही आठवला आणि आपलाच वाढलेला आवाजही.

"आक्का," मिशाळ म्हणाला, "साहेबांना कळलं तर काजळी माझ्याकडून काढून घेतील. दुसऱ्याच्या हाताखाली देतील. सहा वर्षं..."

"आणि नाही कळलं तर माझं पातेलं जाईल. पण ते राहू दे. डॉक्टरीणबाईंना नक्की काय पोटात गेलंय ते कळायला हवं. तू चालत येतोस, का मिशी धरून नेऊ?"

तो चालत गेला. साहेबांच्या टेबलावर पुडी ठेवून त्यानं सगळं सांगितलं, ताटली विसळण्यासकट. साहेबांचा चेहरा तापत चालला, तशी आक्का पुढं झाली.

"साहेब, याची चूक याची आहेच. पण अर्धी माझी धरा. माझ्या तोंडाला भिऊन यानं लपवलं. याला काय शिक्षा करायची ती करा, पण जोडी तोडू नका. ती कुत्री दुसऱ्याच्या शिट्टीवर ढिगाऱ्यात शिरायची नाही."

साहेब बोलायच्या आतच डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, काजळीला लगेच रक्त चढवावं लागेल, दांडगं कुत्रं हवं. पथकात सगळ्यात दांडगा दोन नंबरचा पहाडी. त्याला टेबलावर आडवा धरला तेव्हा त्यानं कुईसुद्धा केलं नाही. बाईंनी त्याच्या रक्ताचा नमुना बघितला आणि म्हणाल्या, "असं सकस रक्त माझ्याकडे येणाऱ्या बंगल्यातल्या कुत्र्यांत पण दिसत नाही. काय खाऊ घालता याला?"

साहेबांनी आक्काकडे बघितलं आणि म्हणाले, "आमच्या आक्कांचं असतं."

काजळी चौथ्या दिवशी उभी राहिली. महिन्याभरानं ढिगाऱ्यावर चढली, मिशाळच्याच शिट्टीवर. मिशाळला तीन महिने पिंजरे धुवायची शिक्षा झाली, आणि ते त्यानं असे धुतले की आक्कालाही नाव ठेवायला जागा राहिली नाही. कुलपाचा विषय पुन्हा निघाला नाही. आक्कानं स्वतःहून दोन गोष्टी केल्या. रोज प्रत्येक हँडलरला ती आता आपण होऊन विचारते, "कोण जेवलं नाही आज?" आणि उत्तर आलं की ओठ घट्ट मिटून ऐकून घेते. दुसरी गोष्ट, फाटकातून आत येणारी खायची कुठलीही वस्तू आधी तिच्या ओट्यावर येते आणि तिच्या मागचं बारीक मोठ्यानं वाचलं जातं. जो आणतो त्यानंच वाचायचं.

परवा साहेबांनी स्वतः बिस्किटांचा पुडा आणला, पहाडीसाठी. रांगेत तिघं होती. साहेब चौथे उभे राहिले. पाळी आल्यावर चष्मा लावून वाचू लागले, "गव्हाचं पीठ, साखर, मनुका..." आणि मधेच थांबले.

आक्कानं पुडा त्यांच्या हातात परत ठेवला. "चहाबरोबर तुम्हीच खा, साहेब," ती म्हणाली, आणि कोपरापर्यंत हात धुवायला वळली. "पुढचा कोण?"