पिंग आणि सुन्या

आज कॉम्प्युटरच्या सरांनी पिंग शिकवलं. पिंग म्हणजे एका मशीनने दुसऱ्याला नुसतं विचारायचं, "आहेस का रे?" सरांनी समुद्रापलीकडच्या एका मशीनला विचारलं. वाटेतल्या कितीतरी राउटरनी प्रश्न पुढे ढकलला आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत उत्तर हजर! ना ओळख ना पाळख, तरी बिचारं म्हणालं, "आहे."

माझ्या शेजारी सुन्या बसला होता. मी सरांची नक्कल केली की सगळ्यात जोरात हसणारा माझा दोस्त. परवा त्यानेच माझ्या नकलेचा व्हिडिओ काढला आणि आज सकाळी तो सरांच्याच मोबाईलवर!

"सुन्या, तूच पाठवलास ना?"

तो स्क्रीनकडेच बघत राहिला.

"लेका, खोटं बोल, पण बोल की."

मध्ये ना केबल, ना समुद्र. कोपराला कोपर लागत होतं.

तेवढ्यात सर म्हणाले, "उत्तर आलं नाही म्हणजे मशीन बंदच असेल असं नाही. कधीकधी उत्तर द्यायचंच नाही, असं ठरवलेलं असतं."

एरवी हे वाक्य मी लगेच घोगऱ्या आवाजात सुन्याच्या कानात म्हटलं असतं. आज मी ते सरांचंच राहू दिलं.